१६ वर्षं थांबला, पण अंतराळात गेलाच. डीक स्लेटन आणि यानातल्या खिशातल्या कॅल्क्युलेटरची गोष्ट

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस.

रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या अनेकांनी आकाशात एक जळती रेघ सरकताना पाहिली. कुणाला उल्का वाटली, कुणाला विमान. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, एक भलंमोठं धातूचं कडं पडलेलं सापडलं. व्यास जवळपास तीन मीटर. नंतर आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. हे चीनच्या एका रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहणी करून गेले.

त्या कड्याला वाट दाखवणारं कुणी नव्हतं. काम संपलेल्या रॉकेटचा तुकडा, पडेल तिथे पडला. नशीब म्हणून कुणाला लागलं नाही.

पण अशाच वेगाने फिरणाऱ्या यानात माणसं बसलेली असतील तर? तेव्हा पडेल तिथे पडून चालत नाही. कुठल्या क्षणी इंजिन पेटवायचं, किती सेकंद पेटवायचं, तोंड कुठे ठेवायचं, या सगळ्याचा हिशेब लागतो. तो यानातला कॉम्प्युटर करतो, जमिनीवरचे लोकही करतात.

आता समजा, ऐन वेळी कॉम्प्युटर बंद पडला आणि जमिनीशी संपर्कही नसला. मग हिशेब कुणी करायचा?

१९७५ साली याचं उत्तर होतं, खिशात मावणारा एक कॅल्क्युलेटर. ज्या यानात तो होता, त्याच यानात एक ५१ वर्षांचा माणूस बसला होता. अंतराळवीर म्हणून निवड होऊन त्याला १६ वर्षं झाली होती आणि अंतराळात जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

त्याचं नाव डॉनल्ड केंट स्लेटन. जग त्याला डीक म्हणायचं.

शेतकऱ्याचा पोरगा

डीकचा जन्म १ मार्च १९२४ चा, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या स्पार्टा गावाजवळचा. घरी शेती. पाच वर्षांचा असताना गवत कापायच्या यंत्रात हात गेला आणि डाव्या हाताची अनामिका तुटली. वैमानिक होण्याचं स्वप्न इथेच संपायचं, पण हवाई दलाच्या नियमांत हे बोट नसलं तरी चालत होतं.

दुसऱ्या महायुद्धात त्याने आधी युरोपात ५६ मोहिमा केल्या, मग जपानवर ७. बॉम्बफेकी विमानं चालवली आणि जिवंत परत आला. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ बोईंगमध्ये नोकरी केली. कोरियाचं युद्ध पेटल्यावर त्याला पुन्हा गणवेश चढवावा लागला. पुढे कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर तो चाचणी वैमानिक झाला. तिथे आणखी एक डॉनल्ड होता. रेडिओवर घोळ नको म्हणून याला नावाच्या आद्याक्षरांवरून डी. के. म्हणू लागले. त्याचंच पुढे डीक झालं.

९ एप्रिल १९५९. नासाने आपले पहिले सात अंतराळवीर जगासमोर आणले. त्यांत ॲलन शेपर्ड होता, जॉन ग्लेन होता, गस ग्रिसम होता. आणि डीक स्लेटनही होता.

हृदयाचा एक चुकलेला ठोका

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माणसाला गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर सराव चालू होता. त्या वेळी डॉक्टरांच्या लक्षात आलं, डीकच्या हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होतायत. डीकला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. धावायचा, विमान उडवायचा, सगळं नीट चालू होतं.

पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा दुसरा अमेरिकन म्हणून १९६२ च्या मे महिन्यात तो जाणार, हे ठरलं होतं. पण त्याच्या हृदयाचा प्रश्न वर वर जात राहिला. डॉक्टरांत एकमत होईना. काहींच्या मते तो तंदुरुस्त होता. काहींच्या मते, ज्याच्या हृदयाबद्दल शंकाच नाही असा माणूस हाताशी असताना याला का पाठवायचं? मार्च १९६२ मध्ये निकाल लागला. डीकचं उड्डाण रद्द. त्याच्या जागी स्कॉट कार्पेंटर गेला.

सातांपैकी सहा जण अंतराळात गेले. डीक तेवढा जमिनीवर राहिला.

दुसरा कुणी असता तर नासा सोडून गेला असता. डीकने हवाई दल सोडलं, नासा मात्र सोडली नाही. त्याला अंतराळवीरांचा प्रमुख करण्यात आलं. कोणत्या मोहिमेवर कोण जाणार, याची नावं ठरवण्याचं काम त्याच्याकडे आलं. जेमिनीची पथकं त्याने ठरवली, अपोलोची ठरवली. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांची नावं अपोलो ११ साठी देणारा माणूस हाच. बाकीच्यांना चंद्रावर पाठवायचं आणि आपण टेबलामागे बसायचं, हे त्याने दहा वर्षं केलं.

२७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या यानात जमिनीवरच्या सरावात आग लागली. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. डीक त्या वेळी केप केनेडीवरच होता. ग्रिसम तर त्याचा जवळचा मित्र.

अंतराळवीरांत एक रीत होती. प्रशिक्षण पूर्ण झालं की चांदीची पिन मिळायची, अंतराळात जाऊन आलं की सोन्याची. डीकला सोन्याची पिन कधीच मिळणार नाही, म्हणून अपोलो १ च्या तिघांनी त्याच्यासाठी हिरा जडवलेली एक सोन्याची पिन बनवून घेतली होती. ती ते सोबत अंतराळात नेणार होते. आगीनंतर तिघांच्या पत्नींनी ती पिन डीकच्या हाती दिली. पुढे अपोलो ११ बरोबर ती पिन चंद्रापर्यंत जाऊन आली. डीक मात्र तोवर कुठेच गेला नव्हता.

पुन्हा दार उघडलं

डीकने हार मानली नव्हती. सिगारेट बंद, कॉफी बंद, दारू अगदी कमी. व्यायाम वाढवला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या. १९७० नंतर ठोक्यांची ती अनियमितता दिसेनाशी झाली. मेयो क्लिनिकमध्ये हृदयाची कसून तपासणी झाली आणि मार्च १९७२ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी परत मिळाली.

पण आता जायचं कुठे? चंद्राच्या मोहिमा संपत आल्या होत्या. उरली होती एकच, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची संयुक्त मोहीम. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएतांचं सोयुझ अंतराळात एकमेकांना जोडायचं, दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांच्या यानात जायचं. जानेवारी १९७३ मध्ये पथक जाहीर झालं. टॉम स्टॅफर्ड प्रमुख, सोबत व्हान्स ब्रँड, आणि दोन यानांना जोडणाऱ्या कक्षाची जबाबदारी डीक स्लेटनकडे. पन्नाशीला आलेला माणूस रशियन भाषा शिकायला बसला.

खिशातला तिसरा मत देणारा

आता कॅल्क्युलेटरकडे वळू.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलोमधला कॉम्प्युटर त्याच्या काळात चमत्कार होता. वजन जवळपास ३२ किलो. तात्पुरत्या आकड्यांसाठी त्यात दोन हजारांच्या आसपास शब्दांची जागा आणि कायमच्या प्रोग्रामसाठी ३६ हजारांच्या वर. पण त्याचा कायमचा प्रोग्राम अक्षरशः तारांनी विणलेला असायचा. एकदा विणला की झालं. नवीन काही हवं असलं तरी उड्डाणाच्या तोंडावर बदलता येत नसे.

म्हणून अंतराळवीर सोबत कागदी तक्ते न्यायचे, स्लाइड रूल न्यायचे. १९६६ साली जेमिनी १२ च्या वेळी रडारने दगा दिला तेव्हा बझ ऑल्ड्रिनने सेक्स्टंट आणि तक्त्यांच्या मदतीने दुसऱ्या यानापर्यंत पोचण्याचा हिशेब काढला होता.

१९७२ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-३५ हा खिशातला शास्त्रीय कॅल्क्युलेटर आणला आणि स्लाइड रूलचे दिवस भरले. पण त्यात प्रत्येक बटण हातानेच दाबावं लागायचं. लांबलचक हिशेब असेल तर मध्ये एक बटण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारी १९७४ मध्ये त्याच कंपनीचा एचपी-६५ आला. याला प्रोग्राम देता यायचा. एका लहानशा चुंबकीय पट्टीवर शंभर पायऱ्यांपर्यंतचा प्रोग्राम साठवायचा, पट्टी कॅल्क्युलेटरच्या फटीतून सरकवायची, आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. बाकीचं तो स्वतः करणार. किंमत ७९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा हजार रुपयांच्या वर. त्यावर बरोबरचं बटणच नव्हतं. दोनात तीन मिळवायचे तर आधी दोन, मग एंटर, मग तीन आणि शेवटी अधिक. पहिल्यांदा हातात घेणारा गोंधळायचा, पण एकदा सवय झाली की लांब हिशेबात कंसांची कटकट उरत नसे.

हाच एचपी-६५ अपोलोमध्ये गेला. अंतराळात गेलेला तो पहिला प्रोग्राम करता येणारा खिशातला कॅल्क्युलेटर.

नासाच्या लोकांनी त्याच्यासाठी जवळपास हजार पायऱ्यांचे प्रोग्राम लिहिले होते. कॅल्क्युलेटरमध्ये एका वेळी शंभरच पायऱ्या मावायच्या, म्हणून पट्ट्या एकामागोमाग एक सरकवाव्या लागायच्या. उत्तर मात्र दहा आकड्यांपर्यंत अचूक.

गाठायचं तर मागे का राहावं लागतं?

चंद्रपूरहून मूलकडे निघालेली एसटी गाठायची तर आपण काय करू? दुचाकी पिळू. वेग वाढवला की एसटी जवळ येते.

अंतराळात हे उलटं चालतं. पुढच्या यानाला गाठायला म्हणून इंजिन पेटवून वेग वाढवला, तर आपलं यान वरच्या कक्षेत जातं. वरची कक्षा मोठी, तिथली प्रदक्षिणा सावकाश. म्हणजे जोर लावून आपण आणखी मागे पडतो. गाठायचं असेल तर खालच्या, लहान कक्षेत राहून हळूहळू जवळ सरकायचं आणि बरोबर क्षणी थोडा धक्का देऊन वर चढायचं. तो क्षण आणि तो धक्का डोळ्यांनी बघून ठरवता येत नाही. त्याला आकडेमोडच लागते.

१५ जुलै १९७५ ला आधी सोयुझ निघालं, बायकानूरहून. त्यात अलेक्सी लिओनोव्ह आणि वालेरी कुबासोव्ह. सुमारे साडेसात तासांनी फ्लोरिडातून अपोलो निघालं. दोन दिवस पाठलाग चालला.

१७ जुलैला अंतर सुमारे १३७ किलोमीटर असताना एकदा आणि सुमारे ३५ किलोमीटर असताना पुन्हा एकदा इंजिन पेटवायचं होतं. दोन्ही वेळा यानातल्या कॉम्प्युटरचं उत्तर एचपी-६५ वर ताडून पाहिलं गेलं. उत्तरं जुळली की मनातली शंका मिटायची.

खरी कसोटी त्यानंतर होती. गाठ पडायला २४ मिनिटं उरली होती, अंतर जेमतेम १९ किलोमीटर. इथे दिशा दुरुस्त करून सोयुझच्याच कक्षेत शिरायचं होतं. १२ मिनिटांनी दुसरी दुरुस्ती. आणि त्या वेळी अपोलोचा जमिनीशी संपर्क नव्हता. यानातला कॉम्प्युटर तिथे बंद पडला असता तर ह्यूस्टनला विचारायची सोय नव्हती. हातातला कॅल्क्युलेटर हाच एक मार्ग उरला असता.

कॉम्प्युटर बंद पडला नाही. दोन्ही दुरुस्त्यांचे आकडे कॅल्क्युलेटरवरही काढले गेले, ते जुळले, आणि यानं एकमेकांना जोडली गेली. स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह यांनी हात मिळवले. डीक आता खऱ्या अर्थाने अंतराळवीर होता, आणि तोवर अंतराळात गेलेल्यांत वयाने सर्वांत मोठा.

१९ जुलैला यानं वेगळी करून पुन्हा जोडायची होती. या दुसऱ्या जोडणीत अपोलोचं सुकाणू डीकच्या हातात होतं. जोडणी झाल्यावर चुकून बाजूचा एक छोटा धक्का बसला आणि दोन्ही यानं डोलली. पण कडी सुटली नाही.

तोच उपग्रह मग आपल्याकडे आला

या कॅल्क्युलेटरचं आणखी एक काम होतं आणि त्याची तार थेट भारताशी जुळते.

पृथ्वीजवळून फिरणारं यान एखाद्या जमिनीवरच्या केंद्राला काही मिनिटंच दिसतं. मग संपर्क तुटतो. या मोहिमेत पहिल्यांदाच माणसं असलेल्या यानाचा संपर्क वरच्या एका स्थिर उपग्रहामार्फत जोडला गेला. त्यामुळे जवळपास अर्धी प्रदक्षिणा बोलणं शक्य झालं. पण त्यासाठी अपोलोचा अँटेना त्या उपग्रहाकडे नेमका रोखायला हवा. यान सारखं फिरतंय, म्हणजे कोनही सारखा बदलतोय. तो कोन काढायलाही एचपी-६५ वापरला गेला.

त्या उपग्रहाचं नाव एटीएस-६.

अपोलो २४ जुलैला परतलं. आठ दिवसांनी, १ ऑगस्ट १९७५ ला, त्याच एटीएस-६ वरून भारतात साइट हा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही लागला. शेती, आरोग्य, शाळेचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश होते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ चा. त्या वेळच्या एकसंध चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमा या दोन्ही राज्यांना भिडलेल्या होत्या. म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यांतल्या खेड्यांना टीव्ही दाखवणारा उपग्रह तोच होता, ज्याच्याकडे काही दिवसांपूर्वी डीकच्या यानाचा अँटेना रोखलेला होता.

परतीच्या वाटेवर राहिलेलं एक बटण

या मोहिमेत प्रत्येक मोठा आकडा दोनदा तपासला गेला. घात झाला तो एका साध्या बटणाने.

२४ जुलैला उतरताना यानात कर्कश आवाज येत होता, एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. त्या गडबडीत उतरण्याची स्वयंचलित व्यवस्था चालू करणारी बटणं वेळेवर दाबली गेली नाहीत. यानाची लहान इंजिनं पेटतीच राहिली आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपेतून त्यांचा विषारी वायू आत शिरला. तिघांच्याही छातीत आग झाली. ब्रँड तर बेशुद्ध पडला. स्टॅफर्डने प्राणवायूचे मुखवटे काढून दिले म्हणून तिघे वाचले.

होनोलुलूच्या रुग्णालयात छातीचे एक्स-रे काढले. डीकच्या फुप्फुसावर एक डाग दिसला. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली. पण हाच डाग उड्डाणाआधी दिसला असता तर? १६ वर्षं थांबलेला माणूस पुन्हा एकदा जमिनीवरच राहिला असता. त्याचं हृदय नको तेव्हा पकडलं गेलं होतं, हा डाग मात्र काम झाल्यावर सापडला.

पुढे काय झालं?

डीक पुन्हा अंतराळात गेला नाही. १९७७ मध्ये स्पेस शटलच्या हवेतल्या चाचण्या त्याच्या देखरेखीखाली झाल्या, नंतर कक्षेतल्या चाचणी उड्डाणांचं व्यवस्थापनही त्याच्याकडे आलं. १२ एप्रिल १९८१ ला पहिलं शटल उडालं तेव्हा त्यातही खिशातला कॅल्क्युलेटर होता, एचपी-४१सी. पुढचं जमिनीवरचं केंद्र कधी संपर्कात येणार आणि यानाचा तोल नीट राहण्यासाठी इंधनाचं गणित काय, अशा कामांसाठी. सोव्हिएतांनीही नंतर तेच केलं. १९८८ च्या सोयुझ टीएम-७ मोहिमेत त्यांचा एमके-५२ हा कॅल्क्युलेटर राखीव साधन म्हणून सोबत होता.

१९८२ मध्ये डीक नासातून निवृत्त झाला आणि ह्यूस्टनच्या एका खासगी कंपनीत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या कंपनीचं कोनेस्टोगा हे रॉकेट टेक्सासच्या किनाऱ्यावरून उडालं. खासगी पैशातून अंतराळाच्या उंचीवर पोचलेल्या पहिल्या रॉकेटांत त्याची गणना होते.

१३ जून १९९३ ला मेंदूतल्या गाठीच्या आजाराने तो गेला. वय ६९.

आज आपल्या हातातला साधा मोबाइल एचपी-६५ च्या कितीतरी पुढे आहे. तरीही माणसं नेणाऱ्या यानांत तो जुना नियम कायम आहे. एकाच यंत्राच्या उत्तरावर जीव टांगायचा नाही, दुसरं उत्तर हाताशी हवं. नव्याण्णव वेळा त्या दुसऱ्या उत्तराची गरज पडत नाही. ते नुसतं तयार बसून असतं.

डीक स्लेटनही असाच १६ वर्षं तयार बसून होता. आणि शंभराव्या वेळी त्याचा नंबर लागला.